एक्स-रे, सीटी, एमआरआयवाले दमतात तेव्हा... हॉस्पिटल बदलावं की धंदाच?

कॅसेटवाला | ९ नोव्हेंबर, पहाटे ३:२०

काल ८ नोव्हेंबर. रॉंटगेननं १८९५ साली याच तारखेला क्ष-किरण शोधले, म्हणून आमचा दिवस. दुपारी केक कापला, मॅनेजमेंटबरोबर फोटो झाला, 'पडद्यामागचे योद्धे' असं लिहून तो सगळ्यांच्या स्टेटसला लागला. रात्री आठला रिलीव्हर, म्हणजे मला सोडवायला येणारा, आला नाही. फोटोतला योद्धा सकाळी आठपासून इथंच आहे. सीटीच्या कन्सोलवर बसून हे टाइप करतोय, आयसीयूतून पोर्टेबलचा (खाटेपाशी मशीन नेऊन काढायच्या एक्स-रेचा) फोन येईपर्यंत.

नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलात टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. घर सिडकोत. हातात २६ हजार पडतात. दिवसाला साठ-सत्तर एक्स-रे, पंधरा-वीस सीटी, वॉर्डातले पोर्टेबल, शिवाय ओटीतून सी-आर्मसाठी (ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे मशीन) हाक आली की धावायचं. एवढं काम आधीही होतंच, तक्रार त्याची नाही. अलीकडे तीन गोष्टी झाल्या, त्यांनी घाबरलोय. बर्नआउट म्हणतात ते हेच का?

एक. बायको म्हणते, मी झोपेत "श्वास घ्या... रोखा... हलू नका" म्हणतो. "सोडा" मात्र म्हणतच नाही. ती बिचारी वाट बघत पडून राहते.

दोन. गेल्या महिन्यात सायकलवरून पडलेला नऊ वर्षांचा पोरगा आला. चिठ्ठीवर उजवं मनगट. त्याचा उजवा हात दुखत होता म्हणून त्यानं डावा पुढं केला. मी तोच घेतला, वर 'आर'चं मार्कर ठेवलं आणि फिल्म पाठवून दिली. ऑर्थोचे डॉक्टर खाली आले, म्हणाले हाड तर सरळ दिसतंय आणि मनगट भोपळ्याएवढं सुजलंय, हा कुणाचा हात काढलास? पोराला काही झालं नाही, दुसरा एक्स-रे काढला. पण अकरा वर्षांत हे पहिल्यांदा.

तीन. पूर्वी छातीच्या एक्स-रेत काही वाईट दिसलं की डबा जायचा नाही. आता दिसतं आणि मी "पुढचा पेशंट" म्हणून हाक मारतो. आत काहीच हलत नाही.

साडू म्हणतो, अंबडला त्याच्या युनिटमध्ये स्टोअर सांभाळ, पगार तेवढाच आणि रविवार पक्का. जावं का? की नुसतं हॉस्पिटल बदलून बघावं? या लाइनमधले कुणी असाल तर सांगा.

---

मिसळ_पंचवटी | ९ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

मी पयला! केक तरी मिळाला का पूर्ण, की त्यातही डबल ड्युटी?

---

सीएनसी_सातपूर | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे 'बर्नआउट' हल्ली फार ऐकू येतं. माझे वडील बारा तास लेथवर उभे राहायचे, घरी येऊन दळण आणायचे. त्यांना कुणी विचारलं नाही, दादा तुम्ही आतून रिकामे झालात का? आम्हीही आठवड्याला पाळी बदलतो. तुम्ही एसीत बसता, बटण दाबता. थकवा सगळ्यांना येतो. दोन दिवस सुट्टी घ्या, त्र्यंबकला जाऊन या.

---

गार्गी_३२ | ९ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

@सीएनसी, एसी आमच्यासाठी नसतो हो, मशीनसाठी असतो. एमआरआयच्या खोलीत स्वेटर घालून बसते मी, मे महिन्यातसुद्धा.

आणि बटण दाबणं शेवटी येतं. त्याआधी ऐंशी किलोचा बेशुद्ध माणूस ट्रॉलीवरून टेबलावर घ्यायचा असतो. वॉर्डबॉय एक असतो, तोही चहाला गेलेला. पंचाहत्तर वर्षांच्या आजींच्या कानातल्या कुड्या काढायच्या, ज्या लग्नापासून निघालेल्या नाहीत. एमआरआयचा चुंबक चोवीस तास चालू असतो हे प्रत्येक नातेवाइकाला नव्यानं सांगायचं. २०१८ साली मुंबईत एक जण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि मशीनकडे खेचला जाऊन जिवाला मुकला, हे पेपरात आलं होतं. तेव्हापासून दार उघडलं की माझी नजर आधी येणाऱ्याच्या हाताकडे जाते. घरी पाहुणे आले तरी जाते.

कॅसेटवाला, तुमचा तिसरा मुद्दा वाचून पोटात कालवलं. मला वाटायचं हे माझंच होतंय.

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीतल्या एक काकू पाठदुखीसाठी आल्या होत्या. मणक्याचा एमआरआय. दुसऱ्या सिक्वेन्सलाच दिसलं मला. हे साधं दुखणं नव्हतं. टेबल बाहेर आलं, काकू म्हणाल्या, "काय गं, ठीक आहे ना सगळं?" आम्हाला काही सांगायची परवानगी नसते आणि ते बरोबरच आहे, निदान रेडिओलॉजिस्टनं करायचं. मी हसून म्हटलं, "रिपोर्ट संध्याकाळी येईल काकू, डॉक्टर सांगतील." त्यांना चपला घालायला मदत केली. दोन महिन्यांनी लिफ्टमध्ये त्यांचा मुलगा भेटला. म्हणाला, "ताई, तुला त्याच दिवशी कळलं होतं ना?" मी चौथा मजला येईपर्यंत भिंतीकडे बघत उभी राहिले.

रोज पाच-सहा जणांना हा हसरा चेहरा द्यायचा. पुढं त्यांचं काय झालं ते आम्हाला कधीच कळत नाही. बरे झालेले पेडे घेऊन वॉर्डात जातात, तळघरात कोण येतं?

---

मिसळ_पंचवटी | ९ नोव्हेंबर, सकाळी ११:३२

गार्गीताई, _/\_

पहिली प्रतिक्रिया फालतू दिली, माफी.

---

जुना_डेव्हलपर | ९ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

मी १९७४ ला सरकारी दवाखान्यात डार्करूम असिस्टंट म्हणून लागलो, पुढं टेक्निशियन झालो, २००९ ला निवृत्त. नातू टाइप करून देतोय.

आमच्या वेळी एक फिल्म म्हणजे एक अनुष्ठान होतं. लाल दिव्यात कॅसेट उघडायची, फिल्म हँगरला लावायची, डेव्हलपरमध्ये चार-पाच मिनिटं, मग पाणी, मग हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन), मग पुन्हा धुणं आणि वाळवणं. डॉक्टर घाईत असले तर ओलीच फिल्म दिव्यासमोर धरायचे, बाहीवर पाणी ठिबकायचं. दिवसाला तीस एक्स-रे झाले तरी डोक्यावरून पाणी.

पण फिल्म वाळेपर्यंत आम्ही बसायचो. चहा व्हायचा, बिडी व्हायची. पेशंटला 'कुठलं गाव' विचारून व्हायचं. दिंडोरीचा निघाला की द्राक्षांचा भाव कळायचा. आता पाच सेकंदांत चित्र पडद्यावर येतं म्हणे. वाचलेला वेळ कुणाच्या खिशात गेला? तुमच्या तर गेला नाही. मशीन पळायला लागलं म्हणून दारातली रांग लांब झाली, एवढंच.

कॅसेटवाला, तुम्ही नाव छान घेतलंय. पण कॅसेट गेली, तेव्हाच तुमची बसायची पाच मिनिटं गेली.

---

शुभ्रकोट | ९ नोव्हेंबर, रात्री ११:५०

मी रेडिओलॉजिस्ट. टेबलाच्या दुसऱ्या बाजूचंही ऐका.

आजोबांचा मुद्दा अगदी मर्मावर आहे. पोटाचा एक सीटी म्हणजे शेकडो चित्रं, पातळ स्लाइस केल्या तर हजाराच्या घरात. मी दिवसा इथं रिपोर्टिंग करतो आणि आठवड्यातून तीन रात्री घरून टेलिरेडिओलॉजी. खान्देशातल्या चार गावांतले सीटी माझ्या बेडरूममध्ये येतात. परवा रात्री आठ ते सकाळी आठ, ५८ स्कॅन. पन्नासाव्या स्कॅनला मेंदूतला बारीक रक्तस्राव दिसायलाच हवा, जसा पहिल्याला दिसला. तो निसटला तर पेशंटचं नुकसान, शिवाय कोर्टाची पायरी. माझ्यासमोर पेशंट नसतोच, नुसता नंबर असतो. गार्गीला निदान काकू दिसल्या. मी गेल्या सहा महिन्यांत किती पेशंटशी बोललो असेन? सोनोग्राफी सोडली तर शून्य.

सोनोग्राफीत वेगळाच ताण. १९९४ चा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा हवाच, मुलींचं जे केलं गेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण प्रत्येक गरोदर बाईमागे एफ फॉर्म, आणि त्यात रकाना चुकला तर मशीन सील होण्याची टांगती तलवार. प्रोबपेक्षा पेनाची भीती जास्त वाटते.

आणि हो, कबूल करतो. टेक्निशियनवर सगळ्यात जास्त मी ओरडतो. पोझिशन तिरकी आली की फोन करून झापतो. ओरडून झाल्यावर वाटतं, तोही सोळा तास उभा असेल. पण परत फोन करून तसं कधी म्हटलेलं नाही.

---

कॅसेटवाला | १० नोव्हेंबर, सकाळी ८:४५

शुभ्रकोट सर, आमचे सर तुम्हीच नाहीत ना? :)

@जुना_डेव्हलपर आजोबा, नमस्कार. मी शिकलो तेव्हा सीआरच्या कॅसेट होत्या (फिल्मऐवजी आत प्लेट), रीडरमध्ये घालायच्या, दीड-दोन मिनिटं मिळायची. डीआर पॅनल आल्यापासून चित्र थेट पडद्यावर येतं, तीही गेली. हे कधी या अंगानं सुचलं नव्हतं.

@सीएनसी, राग नाही. माझा साडूही हेच म्हणतो.

---

मोसमकाठ | १० नोव्हेंबर, दुपारी १:२०

मालेगावहून. सीटीवाला आहे, नऊ वर्षं.

भाऊ, एक गंमत सांगतो. सलग स्कॅन घेतले की सीटीची ट्यूब तापते आणि मशीन स्वतःच थांबतं. स्क्रीनवर येतं, ट्यूब थंड होतेय, अमुक मिनिटं थांबा. मालक आला तरी, मंत्री आला तरी मशीन ऐकत नाही. त्याचं वर्षाचं सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट आहे, इंजिनिअर मुंबईहून येतो, त्याला जेवण, लॉज. मी एकदा सलग तिसरी नाइट नको म्हटलं तर विचारलं, "तुला काय झालंय?"

त्या थंड होण्याच्या मिनिटांत मी जेवतो. खोटं नाही सांगत. ट्यूब तापली की मला बरं वाटतं.

---

द्राक्षबाग_पिंपळगाव | १० नोव्हेंबर, दुपारी २:०२

अवांतर शंका. दिवसभर रेडिएशनमध्ये राहून थकवा येतो असं नाही ना? आमच्या पुतणीला एक्स-रेवाल्याचं स्थळ आलं होतं, घरच्यांनी त्या भीतीनंच नाही म्हटलं.

---

मोसमकाठ | १० नोव्हेंबर, दुपारी २:१५

मलाच दोन ठिकाणी नकार आलाय भाऊ. एका मामांनी विचारलं, अंधारात चमकतो का?

---

शुभ्रकोट | १० नोव्हेंबर, रात्री १०:३०

@द्राक्षबाग, पुतणीचं स्थळ उगाच घालवलंत. मशीन बंद झालं की क्ष-किरण संपले, ते खोलीत साचून राहत नाहीत. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये तर ते नसतातच. आपण सगळेच निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) घेतो. काम करणाऱ्यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. शिस्तीत काम करणाऱ्या टेक्निशियनचा रेडिएशन मोजणारा बॅज याच्या जवळपासही जात नाही. शिस्त म्हणजे लांब उभं राहणं, कमी वेळ आणि मध्ये शिसं. थकवा येतो तो झोप नसल्यानं आणि चार-पाच किलोचं लेड अ‍ॅप्रन घालून कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफीच्या खोलीत) तासन्‌तास उभं राहिल्यानं. माझ्या मित्राची कंबर त्या अ‍ॅप्रननंच गेली.

---

मोसमकाठ | १० नोव्हेंबर, रात्री १०:४८

बॅजवरून आठवलं. टीएलडी बॅज तीन महिन्यांनी तपासायला जातो. आमच्या एका पोरानं तो अ‍ॅप्रनला लावला आणि अ‍ॅप्रन एक्स-रेच्या खोलीतच खुंटीला. तिमाहीचा आकडा एवढा आला की चौकशीचं पत्र आलं, सगळ्यांचे जबाब. पोरगा रडकुंडीला. शेवटी कळलं की साहेब बाहेर सुरक्षित, बॅज एकटा आत मार खात होता.

वर अ‍ॅप्रन घडी घालून ठेवायचा. अरे, शिसं तडकतं ना आत!

---

रश्मी_कळवण | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. २०१९ ला गरोदर होते तेव्हा कॅथलॅबला होते. नियम असा आहे की आपण गरोदर असल्याचं लेखी कळवलं की पुढच्या काळात पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये, म्हणजे काम बदलून द्यायचं. मी कळवलं. काम बदललं, एमआरआयला टाकलं, तोपर्यंत ठीक. पण माझ्या जागी माणूस दिला नाही. माझी कॅथलॅबची ड्युटी दोन मैत्रिणींत वाटली. पाचव्या महिन्यात त्यातली एक म्हणाली, "तुझं बरंय बाई." ती वाईट नव्हती, दमलेली होती. पण ते वाक्य बाळंतपणापेक्षा जास्त लक्षात राहिलंय.

मला वाटतं, दमलेली माणसं आधी एकमेकांवरच उठतात. मॅनेजमेंटपर्यंत राग पोचतच नाही.

---

गार्गी_३२ | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:००

रश्मी +१००. आमच्याकडे रिलीव्हर उशिरा आला की सगळा राग त्याच्यावर निघतो. तो दुसरीकडे डबल करून आलेला असतो.

---

हिशेबनीस | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

मी एका हॉस्पिटलच्या (नाव विचारू नका) प्रशासनात आहे. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

माणसं घ्यायची नाहीत असं नसतं, मिळत नाहीत. जाहिरात दिली की पंधरा अर्ज येतात, त्यात धड पात्रता असलेले चार. त्यातला एक आखाताच्या व्हिसाची वाट बघत असतो, एक इंग्लंडची परीक्षा देत असतो. सहा महिन्यांत शिकून तयार झाला की गेला. सीटीचा हप्ता दर महिन्याला ठरलेला, ट्यूब गेली तर लाखोंचा खड्डा, आणि विमा कंपन्यांचे दर आहेत तिथंच.

---

रश्मी_कळवण | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:५५

२६ हजारांत अकरा वर्षं टिकलेला माणूस या धाग्याच्या अगदी वर बसलाय. त्याला काय दिलंत? केक.

---

हिशेबनीस | ११ नोव्हेंबर, दुपारी १:१०

मान्य. उत्तर नाही.

---

मिसळ_पंचवटी | ११ नोव्हेंबर, दुपारी १:३०

सगळे फार गंभीर झालेत म्हणून विचारतो. नाइट सुटल्यावर सकाळी कुठली मिसळ खाता? काळ्या मसाल्याची की लाल तर्रीची? पापड मोडून घालायचा की बाजूला?

---

मोसमकाठ | ११ नोव्हेंबर, दुपारी १:३४

पापड मोडणाऱ्याशी मी बोलत नाही.

---

द्राक्षबाग_पिंपळगाव | ११ नोव्हेंबर, दुपारी १:५०

मोडूनच. दही वेगळं. आणि गंगापूर रोडच्या बागेतल्या मिसळीला मिसळ म्हणू नका, ती सहल आहे.

(यावर एकोणीस प्रतिसाद आले, ते 'खादाडी' विभागात हलवले आहेत. कृपया विषयावर या. – व्यवस्थापन)

---

मनमोकळं | १२ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

समुपदेशक आहे, कॉलेज रोडला बसते. थोडं माझ्या बाजूनं.

'बर्नआउट' हा शब्द १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं वापरात आणला, तोही फुकट दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल. म्हणजे शब्दाचा जन्मच दवाखान्यातला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली. त्यांनी याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेल्या आणि न हाताळलेल्या ताणातून येणारी स्थिती म्हटलंय. खुणा तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून नीट होत नाही असं वाटणं. कॅसेटवाला, तुमची झोप, "पुढचा पेशंट" आणि ते मनगट. तुम्ही न वाचता तिन्ही लिहून काढल्यात.

@सीएनसी, साधा थकवा दोन दिवस त्र्यंबकला जाऊन उतरतो. हा उतरत नाही, कारण सोमवारी तीच खुर्ची असते. तुमच्या वडिलांना झालं नसेल असं नाही, विचारलं कुणी नाही हे तुम्हीच लिहिलंय.

एक सावधगिरी. घरी असतानाही कशातच रस वाटत नसेल, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर ते वेगळं आहे. तेव्हा डॉक्टरांकडे जा. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानसची सरकारी फोनसेवा आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर एकदा तपासून घ्याच. तुम्ही लोक जगाच्या तपासण्या करता, स्वतःच्या नाही.

---

कॅसेटवाला | १२ नोव्हेंबर, रात्री ९:१५

घरी ठीक असतो, ताई. मुलगी हसवते. पण कामावर निघताना द्वारका सर्कलच्या सिग्नलला लाल लागला की बरं वाटतं, तेवढंच उशिरा पोचू.

एक कोडं सुटत नाही. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनात, एचआरसीटीची (छातीच्या सीटीची) रांग जिन्यापर्यंत होती. सरकारनं दर आधीच दोन ते तीन हजारांत बांधून दिले होते, त्यानं गर्दी आणखी वाढली. पीपीई किटमध्ये घाम बुटात उतरायचा. नातेवाईक बोर्डाचा निकाल विचारावा तसं विचारायचे, "पंचवीसपैकी किती?" म्हणजे फुप्फुसातल्या संसर्गाचा स्कोअर. मरण समोर दिसत होतं. तरी तेव्हा असं वाटलं नाही. आता काम निम्मं आहे आणि मी संपलोय. असं का?

---

जुना_डेव्हलपर | १३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

तेव्हा सगळे तुमच्याबरोबर होते बाळा. डीनपासून झाडूवाल्यापर्यंत. आता एकटा आहेस.

---

शुभ्रकोट | १३ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

शिवाय तेव्हा वाटायचं हे कधीतरी संपेल. एरवीच्या दिवसांना संपायची तारीख नसते. आता सिंहस्थ तोंडावर आलाय, आमच्याकडे रजांबद्दल कुजबुज सुरूही झाली.

बाकी आजोबा, डार्करूम फार गोड करून सांगितलीत. त्या रसायनांच्या वाफेनं किती जणांची छाती खराब झाली तेही सांगा.

---

जुना_डेव्हलपर | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

खरंय डॉक्टर. आमच्या खोलीला एक्झॉस्टचा पंखा १९८८ ला बसला, मागणी १९७९ ची. माझ्या उशाशी आज इनहेलर आहे. नातू म्हणतो बिड्यांमुळे. थोडं हे, थोडं ते. बसायची पाच मिनिटं चांगली होती, हवा वाईट होती. दोन्ही लिहा.

---

सीएनसी_सातपूर | १४ नोव्हेंबर, रात्री १०:१०

चार दिवस धागा वाचतोय. 'बटण दाबता' हे मागे घेतो. वडिलांचं मनमोकळं ताईंनी लिहिलं, ते वाचून फोन ठेवून गच्चीवर गेलो. ते शेवटची तीन-चार वर्षं घरात कुणाशी बोलत नव्हते. आम्ही म्हणायचो, स्वभाव आहे. असो.

एक कामाचं विचारतो. आमच्याकडे 'पोका-योके' म्हणतात. फिक्स्चरला अशी पिन लावायची की जॉब उलटा बसणारच नाही. ऑपरेटर झोपेत असला तरी बसणार नाही. तिसऱ्या पाळीचा माणूस दमणारच हे धरूनच पिन लावतात. कॅसेटवाला स्वतःला दोष देतोय, पण सोळाव्या तासाला डावा-उजवा चुकू नये म्हणून तुमच्याकडे पिन कुठं आहे?

---

मोसमकाठ | १४ नोव्हेंबर, रात्री १०:२५

नाही. चिठ्ठी, मार्कर आणि आपली अक्कल.

---

शुभ्रकोट | १४ नोव्हेंबर, रात्री ११:४०

हा प्रश्न आमच्या खात्यातल्या कुणी विचारला नाही आणि सातपूरच्या माणसानं विचारला. ऑपरेशन थिएटरमध्ये कापण्याआधी सगळे थांबून नाव, बाजू, शस्त्रक्रिया मोठ्यानं म्हणतात. आमच्याकडे एका दिवसात ऐंशी जण, कोण थांबणार?

पण एक करता येईल. "उजवा ना?" असं विचारायचंच नाही. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "कुठं दुखतंय, बोट ठेवून दाखवा" म्हणायचं, मग चिठ्ठी बघायची. जुळलं नाही तर थांबायचं. दहा सेकंद.

---

सीएनसी_सातपूर | १५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

आणि डबल ड्युटीची नोंद ठेवा. तारीख, वेळ, रिलीव्हर का आला नाही, त्या दिवशी किती एक्स-रे परत काढावे लागले. आमच्याकडे तोंडी सांगितलं की रडगाणं होतं, चार्ट लावला की मीटिंग होते.

---

लासलगाव_एक्सप्रेस | १५ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

मी पेशंटकडची. मागच्या वर्षी सासऱ्यांचा सीटी होता, दीड तास थांबलो. तिथल्या मुलावर मी खूप ओरडले, "तुम्हाला माणुसकी आहे का" वगैरे. तो काही बोलला नाही, सासऱ्यांच्या अंगावर चादर नीट केली आणि आत घेतलं. धागा वाचून त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आठवला नाही.

---

कॅसेटवाला | २९ नोव्हेंबर, रात्री ८:२५

मंडळी, उशीर झाला. धागा वर काढतोय.

रक्ताच्या तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन ठीक, बी-१२ तळाला. इंजेक्शनं चालू आहेत. बायको म्हणते, बघा, निम्मा बर्नआउट बी-१२ चा होता. निम्मा म्हणाली, एवढं बरं.

सीएनसी भाऊंनी सांगितलं तसं मागच्या तीस दिवसांचं रजिस्टर काढलं. अकरा डबल ड्युट्या. परत काढावे लागलेले एक्स-रे डबलच्या दिवशी जवळजवळ दुप्पट. कागद घेऊन वर गेलो. आधी "सगळीकडे असंच आहे" झालं, मग कागद ठेवून घेतला. आठ दिवसांनी शनिवार-रविवारच्या रात्रीसाठी एक अर्धवेळ मुलगा आला. पगारावर चर्चा "मार्चनंतर". बाकीच्या रात्री होत्या तशाच.

मनगटाचं मी स्वतःहून लेखी दिलं. हात थरथरत होता. आमचे सर खाली आले, मला वाटलं संपलं. ते म्हणाले, "असं माझंही दोनदा झालंय, फक्त कुणाला दिसलं नाही." अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या स्टुलावर बसले. चहा मागवला, आणि तेवढ्यात पोर्टेबलचा फोन आला.

रविवारी अंबडला साडूचं युनिट बघून आलो. स्टोअर स्वच्छ आहे. साडू म्हणाला, इथं एक वाजता भोंगा होतो आणि सगळे खरंच जेवायला जातात. मी तीनदा विचारलं, सगळे? त्याला संक्रांतीपर्यंत थांब म्हटलंय. खरं सांगू, अजून ठरत नाही. स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजताना माझ्या डोक्यात एकच होतं, आज आयसीयूतल्या सहा नंबरच्या छातीत पाणी कमी झालं असेल का. हे चांगलं लक्षण की वाईट, माहीत नाही.

---

गार्गी_३२ | २९ नोव्हेंबर, रात्री ८:४०

झालं का कमी?

---

कॅसेटवाला | २९ नोव्हेंबर, रात्री ८:४४

झालं. सोमवारी मुद्दाम जुनी फिल्म काढून शेजारी लावून बघितली.

---

सीएनसी_सातपूर | २९ नोव्हेंबर, रात्री ९:०२

आणि पिन? बोट ठेवून दाखवायचं चालू केलं का?

---

कॅसेटवाला | २९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

केलं, दारावर कागदच चिकटवलाय: 'जिथं दुखतं तिथं स्वतः बोट ठेवून दाखवा.' पहिल्याच दिवशी सिन्नरकडच्या एक आजीबाई आल्या. डोक्यापासून सुरुवात केली, मान, खांदे, कंबर, गुडघे, घोटे, सगळीकडे बोट ठेवत गेल्या. बाहेर रांग. शेवटी म्हणाल्या, "आणि सुनेपाशी, पण ते तुझ्या मशीनीत नाही यायचं."

---

जुना_डेव्हलपर | ३० नोव्हेंबर, सकाळी १०:३०

मग कशाचा काढलास?

---

कॅसेटवाला | ३० नोव्हेंबर, सकाळी १०:५२

डाव्या गुडघ्याचा. चिठ्ठीवर तोच होता. पण आजोबा, त्यांच्याशी बोलता बोलता पाच मिनिटं गेली बघा.